पूर्वजाचे गाव शेजाऱ्याच्या नोंदीत

मुंबईत कोणाशीही नवी ओळख झाली की नावानंतरचा दुसरा प्रश्न ‘गाव कुठलं?’ हाच असतो, आणि ज्याने आयुष्यात गावाकडे चार दिवसही काढलेले नाहीत, तोसुद्धा त्याचे उत्तर तालुक्यासकट देतो. माझी सून अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात जन्मली आणि वाढली. आमच्या नातेवाइकांनी हाच प्रश्न तिलाही विचारला, तेव्हा तिच्याकडे उत्तर नव्हते. तिच्या वडिलांकडचे घराणे जर्मन, खापरपणजोबा आणि खापरपणजी तरुणपणी जहाजाने अमेरिकेला आली, एवढेच तिच्या घरात सांगितले जात असे. मी काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकले आणि नोकरीची सगळी वर्षे जर्मन पत्रव्यवहाराचे भाषांतर करण्यात घालवली, त्यामुळे तिने गोळा केलेले कागद साहजिकच माझ्याकडे येऊ लागले. त्यातून मला जे उमगले ते इथे सविस्तर लिहीत आहे, कारण परदेशी स्थायिक झालेल्या मुलांमुळे अशी नाती आता पुष्कळ मराठी घरांत आहेत.

पहिली अडचण ‘जर्मनी’ या उत्तराचीच आहे. १८७१ पूर्वी जर्मनी नावाचे एकसंध राज्य नव्हते. प्रशिया, हॅनोवर, मेक्लेनबुर्ग, बाडेन, वुर्टेमबर्ग, बव्हेरिया अशी लहानमोठी राज्ये होती, आणि अमेरिकेच्या जुन्या जनगणनांत जन्मस्थानाच्या रकान्यात बहुधा त्यांचीच नावे आढळतात. आमच्या कागदांत ‘प्रशिया’ होते. हे राज्य पश्चिमेला ऱ्हाईन नदीच्या पलीकडे, तर पूर्वेला रशियाच्या सीमेपर्यंत पसरलेले असल्याने त्या एका शब्दाने काहीच हाती लागत नाही. जर्मन माणसाच्या जन्माची, लग्नाची आणि मृत्यूची नोंद प्रशियात १ ऑक्टोबर १८७४ पर्यंत आणि उरलेल्या बहुतेक साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पर्यंत मुख्यतः चर्चच्या वहीत होत असे, आणि या वह्या गावोगावच्या पॅरिशप्रमाणे, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीप्रमाणे, लावलेल्या आहेत. सगळ्या देशाची मिळून एक सूची कुठेही नाही. म्हणून गावाचे नेमके नाव कळेपर्यंत शोध अटलांटिक ओलांडून पलीकडे जाऊच शकत नाही, आणि ते नाव अमेरिकेतील कागदांतच शोधावे लागते.

खापरपणजोबांच्या स्वतःच्या कागदांत ते नव्हते. १९०० च्या जनगणनेत स्थलांतराचे वर्ष विचारले होते, तिथे १८६८ मिळाले. नागरिकत्वाच्या कागदावर, १९०६ पूर्वीच्या बहुतेक कागदांवर असते तसे, प्रशियाच्या राजावरील निष्ठा सोडल्याचे एक वाक्य होते. राजाचा उल्लेख होता, गावाचा नव्हता. मृत्यूच्या दाखल्यावर नुसतेच ‘जर्मनी’. आडनाव एलिस आयलंडवरच्या, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातील स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रावरच्या, अधिकाऱ्याने बदलले, अशीही एक कथा घरात होती. अशी कथा अमेरिकेतील असंख्य घरांत सांगितली जाते, पण एलिस आयलंडचे केंद्र १८९२ मध्ये सुरू झाले; १८५५ ते १८९० या काळात न्यूयॉर्कला उतरणारे लोक कॅसल गार्डन या त्याआधीच्या केंद्रातून आत येत, आणि दोन्ही ठिकाणचे कारकून जहाजावरून आलेल्या यादीतील नावे समोर ठेवून काम करीत. आडनावे बदलली ती पुढे, शाळेत, दुकानात, शेजारात, हळूहळू आणि बहुधा घरच्यांच्याच संमतीने. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरल्यावर तर जर्मन असणे लपवावे अशीच परिस्थिती आली. आयोवा राज्याच्या गव्हर्नरने १९१८ मध्ये शाळेत, चर्चमध्ये, आगगाडीत आणि टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलू नये असे फर्मान काढले होते. सुनेच्या घरात गावाचे नाव पुसले गेले ते याच पिढीत, असे मला ठामपणे वाटते. आजोबांनी नातवाशी जर्मन बोलणे थांबवले आणि त्या भाषेतल्या आठवणीही तिथेच थांबल्या.

यापुढे काय करावे, हे मला माझ्या लहानपणीच्या लालबागमुळे सुचले. माझे वडील रत्नागिरी जिल्ह्यातून गिरणीत कामाला आले. आमच्या चाळीत एकाच गावच्या चाकरमान्यांची एक खोली होती. पाळ्यांप्रमाणे माणसे झोपत, गावाहून नवा मुलगा आला की त्याची वळकटी आधी त्या खोलीत पडे, आणि गिरणीत त्याला काम मिळे तेही गाववाल्या मुकादमाच्या शब्दावर. उद्या माझ्या वडिलांचे गाव सगळे विसरले आणि त्यांचा एकही कागद उरला नाही, तरी त्या खोलीतल्या दुसऱ्या कोणाच्या मनीऑर्डरच्या पावतीवर ते गाव पोस्टासकट लिहिलेले सापडेल. जर्मन स्थलांतरित विस्कॉन्सिनमध्ये गेले तेही एकेकटे गेले नव्हते. प्रशियाच्या राजाने १८१७ मध्ये लूथरन आणि रिफॉर्म्ड या दोन प्रोटेस्टंट पंथांच्या चर्चचे एकत्रीकरण सुरू केले. ते मान्य नसलेले पोमेरेनिया प्रांतातील जुन्या पंथाचे लूथरन गटागटाने निघाले आणि त्यांनी १८३९ मध्ये मिलवॉकीच्या उत्तरेला फ्राइश्टाट ही वसाहत वसवली. पुढची कित्येक दशके त्यांच्या मागून भाऊ, मेहुणे, शेजारी येत राहिले. तेव्हा खापरपणजोबांना काही काळ बाजूला ठेवून त्यांच्या भोवतालची माणसे शोधावीत, असे मी सुनेला सुचवले. वंशावळ म्हणजे बापाकडून आजाकडे सरळ वर चढत जाणे अशी तिची समजूत होती, म्हणून तिला हे प्रथम आडवळणाचे वाटले.

खापरपणजोबांच्या पहिल्या मुलीच्या बाप्तिस्म्याची नोंद विस्कॉन्सिनमधल्या लूथरन चर्चच्या वहीत जर्मन भाषेतच आहे. बाळाचे नाव, जन्माची तारीख, बाप्तिस्म्याची तारीख, आईवडील, आणि शेवटच्या रकान्यात धर्मपिता व धर्ममाता म्हणून उभे राहिलेल्यांची नावे. परक्या देशात आल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी पोटच्या लेकराला कोणाच्या हाती द्यायचे, हे माणूस सहजासहजी ठरवत नाही. म्हणून पहिल्या मुलाचे साक्षीदार मला सगळ्यांत मोलाचे वाटतात. धर्ममातेचे नाव आम्ही त्याच वहीत पुढे शोधत गेलो. जर्मन पाद्री विवाहित स्त्रीच्या नावापुढे तिचे माहेरचे आडनाव आवर्जून लिहीत, आणि त्यामुळे इंग्रजी जनगणनेत हरवून जाणाऱ्या बायका चर्चच्या वहीत सापडतात. तिच्या दफनाच्या नोंदीत पाद्रीबुवांनी वय वर्षे, महिने आणि दिवसांत मोजून लिहिले होते, आणि त्याच्याखाली तिचा जन्म कोणत्या गावी, कोणत्या जिल्ह्यात आणि कोणत्या प्रांतात झाला तेही लिहिले होते. प्रांत पोमेरेनिया, जिल्हा ग्रायफेनबर्ग.

ज्या गावात धर्ममाता जन्मली तिथेच खापरपणजोबा राहत होते, असे यावरून सिद्ध होत नाही. तो पुरावा हाम्बुर्ग बंदराच्या यादीने दिला. हाम्बुर्गहून १८५० ते १९३४ या काळात निघालेल्या प्रवाशांच्या याद्या पहिल्या महायुद्धाच्या काळातील खंड वगळता बहुतांशी शिल्लक आहेत, आणि त्यांत प्रत्येकाचे याआधीचे राहण्याचे ठिकाण लिहिलेले असते. ब्रेमेनहून निघालेल्यांच्या बाबतीत दुर्दैव असे की जागा नाही म्हणून तिथल्या कचेरीने जुन्या याद्या स्वतःच नष्ट केल्या आणि उरलेल्यांतील बहुतेक दुसऱ्या महायुद्धात गेल्या. १९२० ते १९३९ मधल्या काही तेवढ्या वाचल्या. आमचे खापरपणजोबा हाम्बुर्गच्या सूचीत सापडत नव्हते, म्हणून ते ब्रेमेनहून गेले असावेत असे सुनेने जवळजवळ धरून चालले होते. धर्ममातेच्या नवऱ्याचे नाव मात्र १८६८ च्या एका जहाजाच्या यादीत लगेच मिळाले, आणि त्या पानाची मूळ प्रत उघडल्यावर त्यांच्या कुटुंबाच्या खालच्याच ओळीवर खापरपणजोबा आणि खापरपणजी होती. वय जुळत होते, व्यवसाय मजूर, गाव तेच. सूची करणाऱ्याने त्यांच्या आडनावाचे पहिले अक्षर ‘क’ऐवजी ‘र’ वाचले होते, त्यामुळे नावाने शोधून ते कधीच हाती लागले नसते.

हे चुकीचे वाचन का होते, तेही सांगायला हवे. त्या काळातील जर्मन हस्ताक्षर कुरेंट नावाच्या लिपीवळणात असते. त्यात इंग्रजी ‘के’ आणि ‘आर’ ही मोठी अक्षरे एकमेकींसारखी दिसतात, ‘ई’ बघताना ‘एन’ वाटते, ‘यू’ आणि ‘एन’ यांतला फरक वरच्या एका छोट्या कमानीवरच ठरतो. १९४१ मध्ये ही वळणे शाळांतून हद्दपार झाल्यामुळे आजच्या जर्मन माणसालाही ती सहसा वाचता येत नाहीत. जर्मन येते म्हणून मला ती आपोआप येणार नव्हतीच. मी ती अक्षरे पाटीवर गिरवल्यासारखी रोज कागदावर लिहून शिकले, आणि लिहायला आल्यावरच वाचायला येऊ लागली. शिकू इच्छिणाऱ्यांना मी हाच मार्ग सांगेन. शिवाय सूचीवर विसंबू नये, मूळ पान पाहावे, आणि पानावर आपल्या ओळीच्या वरखाली कोण आहे तेही वाचावे.

गाव कळले, तरी ते नकाशावर बसवावे लागते. नॉयेनडॉर्फसारखी नावे एकेका प्रांतात अनेकदा येतात, म्हणून जिल्हा हाती असल्याशिवाय पुढे जाऊ नये. १९१२-१३ मध्ये छापलेल्या मायर यांच्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे स्थळकोशात, जर्मन साम्राज्यातील दोन लाखांहून अधिक ठिकाणे आहेत, आणि नागरी नोंदणीची कचेरी कुठे होती हे त्यात प्रत्येक ठिकाणासोबत सांगितले आहे. १९४५ नंतर पोमेरेनियाचा पूर्वेकडचा मोठा भाग पोलंडमध्ये गेला. ग्रायफेनबर्गचे आज ग्रिफिट्से झाले आहे, श्टेट्टीनचे श्चेचिन. तिथली जर्मन वस्ती युद्धानंतर जवळजवळ सगळी निघून गेली, त्यामुळे त्या गावात जाऊन आडनावाने चौकशी करण्यात अर्थ नाही; जे आहे ते दप्तरांत.

त्या पॅरिशच्या वह्यांपैकी काही युद्धात गेल्या आणि काही उरल्या. प्रशियात १७९४ च्या कायद्याने चर्चच्या वह्यांची दुसरी प्रत न्यायालयाकडे द्यावी लागे, आणि मूळ वही जळाली असली तरी कधीकधी ही प्रत सापडते. उरलेल्या वह्यांत खापरपणजोबांच्या आईवडिलांचे लग्न मिळाले, पण आईचे आडनाव ओल लागून पुसले गेले होते. वडिलांच्या नावापुढे ‘बिनजमिनीचा, दुसऱ्याच्या घरात राहणारा मजूर’ अशा अर्थाचा शब्द आहे. तो वाचून मला फार वाईट वाटले. १८०७ मध्ये प्रशियाने भूदासांना मुक्त केले खरे, पण पुढच्या वर्षांत मोबदल्याच्या नावाखाली पुष्कळ जमीन मोठ्या जमीनदारांकडे गेली आणि पोमेरेनियातील असंख्य कुटुंबे मजुरीवर आली. १८६२ च्या कायद्याने अमेरिकेत १६० एकर जमीन कसून आपली करता येते हे अशा माणसाच्या कानावर गेल्यावर त्याने का जावे, याचे वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. १८८२ या एकाच वर्षी सुमारे अडीच लाख जर्मन अमेरिकेत आले.

आईचे नावही पुन्हा दुसऱ्याच्याच कागदातून आले. खापरपणजोबांचा धाकटा भाऊ गावातच राहिला आणि १८९१ मध्ये वारला. तोवर नागरी नोंदणी सुरू झाली होती, आणि प्रशियाच्या मृत्युनोंदीत मृताच्या आईवडिलांची नावे, आईच्या माहेरच्या आडनावासह, विचारली जात. पोलंडच्या सरकारी दप्तरखान्याने अशा असंख्य वह्यांची छायाचित्रे विनामूल्य पाहण्यास ठेवली आहेत. तिथे मृत्यू आणि विवाहाच्या नोंदी ८० वर्षांनी आणि जन्माच्या १०० वर्षांनी खुल्या होतात. मी घरी टेबलाशी बसून ती नोंद वाचली आणि लगेच सुनेला मिलवॉकीला फोन लावला.

डीएनए चाचणी करून हे सगळे सोपे होते का, असे मला बरेच जण विचारतात. त्या चाचणीतील वंशाची टक्केवारी गाव सांगत नाही. दूरचा चुलतभाऊ सापडला, तर त्याच्याकडच्या कागदांत गाव असू शकते, आणि तेवढाच तिचा उपयोग मी मानते.

खापरपणजोबांच्या आईचे माहेरचे आडनाव आणि त्या धर्ममातेचे माहेरचे आडनाव एकच निघाले आहे. दोघी आत्या-भाची असाव्यात, असा सुनेचा तर्क आहे. मला तो पटतो, पण त्या आडनावाची घरे त्या भागात बरीच असल्याने तो अजून वंशावळीत लिहू दिलेला नाही. निर्णय शेजारच्या पॅरिशमधील १८३० ते १८४५ च्या विवाहनोंदींवर आहे. त्या पानांच्या प्रती आल्या आहेत. अर्धी पाने सुनेने घेतली आहेत, अर्धी मी, आणि आडनाव कोणाचेही असो, साक्षीदारांसकट प्रत्येक लग्न उतरवून घ्यायचे असे आमचे ठरले आहे.