तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या करातून तुमचं गाणं का?

कार्यक्रम संपून पेटीचा भाता लावला की कुणीतरी जवळ येतंच. "तुमचं संगीत एवढं चांगलं आहे, तर लोक तिकीट काढून येतील की. सरकारने पैसे कशाला द्यायचे? आमच्या करातून तुमच्या आवडीचं गाणं का?" विद्यार्थ्यांचे पालक विचारतात, लग्नकार्यात नातेवाईक विचारतात. आजवर हसून वेळ मारून नेली. आता मात्र एकदा नीट सांगायचं आहे.

तुम्ही हे विचारता ते बहुतेक वेळा महापालिकेच्या नाट्यगृहात उभे राहून. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर 1968 साली उभं राहिलं ते महापालिकेच्याच पैशातून. तिथे विनोदी नाटक बघताना आपण करदात्यांच्या पैशावर बसलो आहोत असं कुणालाच वाटत नाही. आपल्याला न आवडणाऱ्या गाण्यावरचा खर्च तेवढा डोळ्यांत खुपतो.

आणि सरकारला आवडनिवड नसते, हे कुणी सांगितलं? मी पेटी वाजवते. ऑल इंडिया रेडिओने 1940 साली याच पेटीवर बंदी घातली. तिचे स्वर पक्के बसवलेले, तिच्यातून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे स्वरांमधले सूक्ष्म फरक, सांभाळता येत नाहीत, ही कारणं. ती खोटी नाहीत, मी रोज त्यांच्याशी झगडते. पण ज्या वाद्याच्या साथीने गावोगावी भजनं आणि नाट्यपदं चालली होती, ते सरकारी रेडिओला 1971 पर्यंत चाललं नाही. मधल्या काळात, 1952 ते 1962, रेडिओ ज्याच्याकडे होता त्या माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री होते आपल्या पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. त्यांनी सिनेमाची गाणी अडवली, लोकांनी श्रीलंकेतून ऐकू येणारा रेडिओ सिलोन लावला, आणि शेवटी 1957 साली सरकारलाच सिनेमाची गाणी लावणारी विविध भारती सुरू करावी लागली. आमच्या क्षेत्रात केसकरांना नावं ठेवणारे खूप आहेत. मीही ठेवली आहेत. पण शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम 1952 साली सुरू झाला तोही त्यांच्याच काळात. ज्या घरांना मैफलीचं आमंत्रण येण्याची शक्यता नव्हती, तिथे थोरामोठ्यांचं गाणं पोचलं. माझ्या वडिलांच्या कानावर शास्त्रीय संगीत प्रथम पडलं ते तसंच, शेजाऱ्यांच्या रेडिओवर. मग मी केसकरांना काय म्हणू?

"पूर्वी राजे पोसायचे, ती गोष्ट वेगळी," असंही तुम्ही म्हणता. का वेगळी? शाहू महाराजांनी शास्त्रीय गायक अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापूरच्या दरबारी ठेवलं, तो खजिना रयतेच्याच घामाचा होता. ऐकणाऱ्याचीही परीक्षा बघणारी ती गायकी तिकिटाच्या गल्ल्यावर कितपत तगली असती? ती तगली म्हणून पुढे त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर झाल्या.

इथपर्यंत माझी बाजू भक्कम आहे. पुढचं सांगायला जड जातं.

वृद्ध कलावंतांच्या मानधनाचे अर्ज तपासणाऱ्या एका समितीवर मी अशासकीय सदस्य होते. राज्य सरकारची ही योजना 1954-55 पासूनची. मी समितीवर होते तेव्हा अ, ब, क असे वर्ग होते आणि वर्गाप्रमाणे रक्कम कमी-जास्त. अर्जदारांनी कात्रणं, प्रमाणपत्रं, कार्यक्रमांचे फोटो आणायचे आणि थोडं सादर करून दाखवायचं. एक बाई आल्या. सत्तरीच्या पुढच्या, उभी हयात संगीतबारीत, म्हणजे लावणीच्या फडात, गेलेली. कागद काहीच नव्हते. बारीवर कोण कात्रणं काढून ठेवणार? त्या सतरंजीवर बसल्या आणि पेटी-ढोलकीशिवाय, नुसत्या हाताने ताल धरून त्यांनी बैठकीची, म्हणजे बसून भाव दाखवत गायची, लावणी सुरू केली. आवाज पिकलेला, वरचा षड्ज कापत होता. पण एकच ओळ त्या फिरून फिरून घेत होत्या, दर वेळी नव्या भावाने. एकदा रुसवा, एकदा लाडीगोडी, एकदा नुसती भुवई. मी साथीला बसले असते तर माझी त्रेधा उडाली असती, असा त्यांच्या लयीचा अंदाज होता.

एका सदस्याने मध्येच थांबवलं. "बाई, हे राहू द्या. एखादा अभंग येतो का?"

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अभंग समदेच म्हणत्यात, सायेब. ह्ये बसून म्हणणारं आता कोण ऱ्हायलंय?"

तरीही त्यांनी अभंग म्हटला. पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले आणि म्हटला. चांगला म्हटला. सगळ्यांच्या माना डोलल्या, शिफारस झाली, 'क' वर्ग. कलाप्रकाराच्या रकान्यात लिहिलं गेलं: भजन. मी म्हटलं, या भजनी नाहीत, या लावणी गायिका आहेत, तसंच लिहा. उत्तर आलं, "मॅडम, मानधन मिळतंय ना त्यांना? आणखी काय हवं?" माझी हरकत इतिवृत्तात घ्या म्हटलं. ती आली नाही.

लावणी गायिका यमुनाबाई वाईकरांना 2012 साली पद्मश्री देऊन देशाने ज्या कलेचा सन्मान केला, तीच ही कला. एका खोलीत ती लिहून घेण्याच्याही लायकीची ठरली नाही. त्या सदस्याला मी वाईट माणूस म्हणणार नाही. बाईंना पैसे मिळावेत असंच त्याला वाटत होतं, आणि त्याच्या कानाला सभ्य वाटेल त्याच वाटेने ते मिळावेत, एवढंच. मला राग येतो तो याचा, की त्याने आपली आवड कसोटी म्हणून वापरली आणि ते कुणालाच खटकलं नाही.

2024 साली वर्ग गेले. आता सरसकट महिना 5000 रुपये. मला ते बरं वाटतं. पण तरुणपणीची मी या निर्णयाशी कडाडून भांडले असते. ती म्हणाली असती, चाळीस वर्षं खर्जाचा, म्हणजे खालच्या स्वरांचा, रियाज केलेला माणूस आणि चार हंगामी कार्यक्रम केलेला माणूस एकाच मापात? जाणकारांनी ठरवू नये तर कुणी ठरवावं? तिला मी अजून पुरतं खोडून काढू शकलेले नाही. म्हातारपणीच्या औषधपाण्यासाठी समान रक्कम असावी, हे मला पटलं आहे. शिष्यवृत्ती, महोत्सव, ध्वनिमुद्रण यांच्यासाठी मात्र निवड करावीच लागते, आणि निवड करणारा कान कुणाचा तरी असतोच. निदान अर्जदार जे गातो त्याचं नाव त्याने स्वतः लिहावं, गाणं मुद्रित करून ठेवावं, नकाराचं कारण लेखी द्यावं, समितीत त्या कलेतलं एक तरी माणूस असावं, एवढं मी मागते. एवढ्याने रस्त्यातले खड्डे बुजवायचे पैसे कमी पडणार नाहीत.

"मग उद्या डीजेवाल्याने अर्ज केला तर?" हेही तुम्ही विचारता, आणि मला कोंडीत पकडल्यासारखं हसता. केला तर मी त्याला पूर्ण ऐकेन, मध्ये थांबवणार नाही. बहुधा नाही म्हणेन. बाजार त्याला पोसतो आहे, हे कारण मी लिहीन आणि ते खरंही असेल. पण बाजार नसता तरी मी हो म्हटलं असतं का, हे तुम्ही पुढे विचाराल. त्याचं उत्तर मला देता येत नाही.