ओ-३२० ची तेलगळती: डाव्या बाजूचा ओघळ सापडला

गेल्या नोंदीत माझ्या विमानाच्या पोटाखाली पसरणाऱ्या तेलाचा विषय अर्धवट सोडला होता. त्यानंतर इंजिन बावीस तास चाललं, काउलिंग (इंजिनावरचं झाकण) सात वेळा निघालं आणि डाव्या बाजूचा ओघळ कुठून येतो ते परवा डोळ्यांनी पाहिलं. मध्ये एका चुकीच्या जागी हात घातला, तेही लिहितो. लायकमिंगचं चार सिलेंडरवालं इंजिन सांभाळणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हेच कोडं पडतं.

इंजिन लायकमिंग ओ-३२०, १५० अश्वशक्तीचं, संप (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी) ८ क्वार्टचा. एक क्वार्ट म्हणजे साधारण ९४६ मिलिलिटर. पूर्वी नऊ तासांना एक क्वार्ट तेल लागायचं, या उन्हाळ्यापासून ते पाच तासांवर आलं. उत्पादकाच्या हिशेबात ७५ टक्के शक्तीवर ताशी एक तृतीयांश क्वार्टच्या आसपास मर्यादा आहे, म्हणजे मी तिच्या आतच होतो. पण खप एकाएकी जवळजवळ दुप्पट होतो तेव्हा कुठेतरी पाणी मुरत असतंच. मला मर्यादेच्या आकड्यापेक्षा हा बदल महत्त्वाचा वाटतो.

सुरुवात ब्रीदरपासून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीपासून केली, कारण तिथे खर्च शून्य. संप काठोकाठ ८ क्वार्ट भरला की वरचं तेल ब्रीदरच्या नळीतून बाहेर फेकलं जातं आणि विमानाच्या पोटावर पसरतं. हे माहीत असूनही लांबच्या उड्डाणाआधी "असू दे थोडं जास्त" म्हणून मी ८ भरत होतो. आता ६ वर ठेवतो. सुरक्षित किमान पातळी २ क्वार्ट आहे, त्यामुळे ६ वर काळजीचं काही नाही. पोट बरंच स्वच्छ राहू लागलं आणि खप सात तासांना एक क्वार्ट इतका खाली आला.

ब्रीदर पाहताना आणखी एक गोष्ट तपासली. थंडीत नळीच्या टोकाशी बाष्प गोठून ते बंद होऊ शकतं. मग क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या मधल्या पेटीत) दाब साचतो आणि तेल मिळेल त्या सीलमधून वाट काढतं. प्रॉपेलरमागचं पुढचं सील अशा वेळी जागेवरून निसटू शकतं आणि तेल थेट काचेवर येतं. म्हणून नळीला वर, काउलिंगच्या उबदार भागात, एक छोटी फट ठेवलेली असते. माझी मोकळी होती. दाब वाढण्याचं दुसरं कारण म्हणजे झिजलेल्या पिस्टन रिंगा. ८० पीएसआयवर कॉम्प्रेशन चाचणी घेतली, चारही सिलेंडर ७४ ते ७७ मध्ये, म्हणजे रिंगा ठीक. तेव्हा सगळ्या सीलना एकदम त्रास देणारं कारण नाही, गळती एखाद्या जागेची आहे, एवढं नक्की झालं.

उरला डावा ओघळ. चार नंबरच्या, म्हणजे डावीकडच्या मागच्या सिलेंडरखाली ओल, मागचा बॅफल (हवा वळवणारा पत्रा) चिकट आणि रॉकर कव्हरच्या (व्हॉल्वच्या यंत्रणेवरच्या झाकणाच्या) खालच्या कडेला लटकलेला थेंब. कॉर्कचं गास्केट जुनं होतंच. ते काढून सिलिकॉनचं बसवलं, स्क्रू टॉर्क पान्याने आवळले. तीन तासांनी थेंब पुन्हा त्याच जागी. चोर सोडून संन्याशाला फाशी.

इथे थांबलो आणि पान्याला हात लावायचा नाही असं ठरवलं. आधी इंजिन धुवायचं. मॅग्नेटो (प्लगना ठिणगी देणारं यंत्र), अल्टरनेटर आणि व्हॅक्यूम पंप प्लास्टिकने घट्ट झाकले. व्हॅक्यूम पंपात द्रावण गेलं तर पंप हकनाक जातो, तेव्हा त्याला दोनदा गुंडाळा. मग मिनरल स्पिरिट आणि मऊ ब्रश घेऊन फिनांमधली (सिलेंडरभोवतीच्या थंडाव्याच्या पात्यांमधली) प्रत्येक फट धुतली, हवेने उडवली, पांढऱ्या फडक्याने पुसली. अख्खी दुपार गेली. पण धुतल्याशिवाय शोधायला बसणं म्हणजे जुन्या चिखलात नवं पाऊल शोधणं.

शोधायचं कसं, याचं उत्तर हवेच्या वाटेत आहे. हवा समोरून काउलिंगमध्ये शिरते, सिलेंडरांच्या वर पसरते, फिनांमधून खाली उतरते आणि मागे खालून बाहेर पडते. तेलही तिच्याबरोबर खाली आणि मागे जातं. म्हणून थेंब लटकतो ती जागा बघायची नाही, ओलीतली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधायची.

सांध्यांवर टाल्कम पावडरचा हलका थर दिला आणि जमिनीवर दहा मिनिटं इंजिन चालवलं. सगळं खडखडीत कोरडं! या कोरडेपणावर विश्वास ठेवू नका. जमिनीवरच्या कमी शक्तीत तेल पुरेसं तापून पातळ होत नाही, उड्डाणातली थरथर नसते, तो वारा नसतो. विमान इंजिनासाठी मान्य असलेला अतिनील रंग तेलात घातला आणि धावपट्टीच्या टप्प्यातच राहून चाळीस मिनिटं उड्डाण केलं. उतरल्यावर हँगरचं दार लावून घेतलं, दिवे घालवले आणि अतिनील दिवा पेटवला.

चार नंबरचं नवं गास्केट कोरडं. त्याच्या खालून हिरवट-पिवळी रेघ उलटी चढत पुढे गेली, दोन सिलेंडरांमधल्या बॅफलवरून दोन नंबरच्या, डावीकडच्या पुढच्या सिलेंडरच्या बुडाशी पोचली आणि तिथे नटांभोवती तळं करून थांबली. माझ्या पोटात गोळा आला. सिलेंडरचं बूड गळतंय याचा अर्थ नट सैल झाले असतील, खालची ओ-रिंग गेली असेल, सिलेंडर उतरवावा लागेल. नट नुसते आवळून तो प्रश्न सुटत नाही, उलट वाढू शकतो.

मग दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा आत सरकवला. नटांच्या वर, पुशरॉडची (व्हॉल्व उघडायला रेटा देणाऱ्या दांड्याची) नळी क्रँककेसमध्ये शिरते त्या तोंडाशी, नळीच्या पोटावर एक चमकता थेंब होता. बघता बघता तो फुगला, सुटला आणि खालच्या नटावर पडला. नळीची वरची बाजू कोरडी होती. लायकमिंगमध्ये पुशरॉडना रेटणारा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो, म्हणून पुशरॉडही सिलेंडरच्या वरून जातात, आणि त्यांच्या सीलमधून सुटलेलं तेल नेमकं बुडावर येऊन पडतं. सिलेंडर गळतोय असं हुबेहूब वाटतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

दुरुस्ती परवानाधारक इंजिनियर सरांच्या देखरेखीखाली केली, कामावर सही त्यांचीच. मॅग्नेटो बंद, वरचे प्लग बाहेर, आणि तरीही प्रॉपेलर जिवंत आहे असं समजूनच फिरवायचा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व बंद. रॉकर कव्हर काढलं, रॉकरचा शाफ्ट सरकवला. एक्झॉस्टचा रॉकर उचलणार तोच सर म्हणाले, "थांबा, आधी टोपी कुठे आहे ती दाखवा." एक्झॉस्ट व्हॉल्वच्या दांड्याच्या टोकावर एक छोटी रोटेटर टोपी बसते. तेलामुळे ती रॉकरला चिकटून वर येते आणि कळायच्या आत खाली पडते. ती खरंच रॉकरला चिकटलेली होती. काढून वेगळ्या डबीत ठेवली. पुशरॉडना चिठ्ठ्या बांधल्या, कारण त्यांची लांबी सारखी असेलच असं नाही आणि ज्याची जागा त्यालाच द्यायची.

क्रँककेसकडचं सील पिळून पाहिलं तर ते वाकलं नाही, बिस्किटासारखं तुटलं. इतकं कडक झालेलं रबर नळीला धरणार कसं! दोन नंबरच्या दोन्ही नळ्यांची दोन्ही टोकांची सीलं बदलली, खाचा निर्मळ पुसल्या, नव्या सीलना तेलाचं बोट लावून बसवलं. रॉकर बॉक्समध्ये स्प्रिंग, लॉक-प्लेट आणि नट होते तसे परत.

सगळं उघडं होतंच, म्हणून टॅपेटची कोरडी फटही (तेल काढल्यावर व्हॉल्वच्या यंत्रणेत उरणारी मोकळी जागा) मोजली. त्यासाठी हायड्रॉलिक युनिट बाहेर काढून त्यातलं तेल काढावं लागतं. ते वाकवलेल्या तारेने ओढा, चुंबक वापरू नका, नाहीतर आतली झडप जागेवर नीट बसत नाही. उत्पादकाची मर्यादा ०.०२८ ते ०.०८० इंच, माझी दोन्हीकडे मध्यावर आली. खालच्या तेल परतीच्या नळ्यांचे रबरी तुकडे चारही सिलेंडरचे बदलले, क्लिपा नव्या.

नंतर इंजिन पुन्हा धुतलं. रंग जुन्या डागांतही चमकत राहतो, तो काढल्याशिवाय दुसरी तपासणी फसवी ठरते. तासाभराच्या उड्डाणानंतर दिव्याखाली दोन नंबरचं बूड काळंभोर, एक ठिपकाही नाही. तेव्हापासून नऊ तास झाले, डिपस्टिकवर ६ वरून ५ वर आलोय, म्हणजे खप जुन्या ठिकाणी आला.

दोन गोष्टी बाकी आहेत. संपच्या क्विक ड्रेनला (तेल सोडायच्या तोटीला) बोट लावलं की पुसटशी ओल लागते, बहुतेक ओ-रिंग. आणि मागच्या ॲक्सेसरी केसवर टॅकोमीटरच्या ड्राइव्हखाली दिव्यात नखाएवढा ठिपका दिसला. क्विक ड्रेनची ओ-रिंग पुढच्या तेल बदलीला, संप रिकामा असताना बदलेन. त्या ठिपक्याभोवती पेन्सिलने खूण करून ठेवली आहे, दहा तासांनी तो खुणेबाहेर गेला का ते पाहून मगच ते सील उघडणार.