तुम्ही विचारलंत म्हणून: तयार किक मिळत असताना ती मुळापासून का बनवायची?

संगीतनिर्मिती शिकणारी मंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात. किक म्हणजे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतात दर मात्रेला पडणारा ढोलाचा जड ठोका. सॅम्पल पॅक, म्हणजे तयार ध्वनींचे संच, सहज मिळतात, त्यांतले कित्येक फुकट असतात, आणि मुरलेल्या निर्मात्यांनी घडवलेल्या शेकडो किक त्यांत असतात. असे असताना प्रत्येक ट्रॅकसाठी नवी किक बनवण्यात तुम्ही अख्खी संध्याकाळ का घालवता? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा अशी शंका असते की हा निव्वळ हट्ट आहे, किंवा सोवळेपणाचा आव आहे. मी प्रामुख्याने सायट्रान्स हे वेगवान नृत्यसंगीत बनवतो आणि त्या प्रकारात किक व बेस (तळाचे खर्जातले स्वर) यांना मिळणारी जागा इतकी मोजकी असते, की दुसऱ्या वेगासाठी आणि दुसऱ्या बेससाठी घडलेली किक तिथे बसली तर ती योगायोगानेच बसते. उत्तर खरे तर एवढेच आहे. मात्र ते पटण्यासाठी थोडे गणित मांडावे लागेल.

ट्रॅकचा वेग १४५ बीपीएम, म्हणजे मिनिटाला १४५ मात्रा, धरू. एका मिनिटात ६०,००० मिलिसेकंद, म्हणजे एका मात्रेच्या वाट्याला साधारण ४१४ मिलिसेकंद येतात. सायट्रान्सच्या रूढ रचनेत या मात्रेचे चार समान भाग पडतात. पहिल्या भागात किक वाजते आणि उरलेल्या तिन्ही भागांत बेसचे तीन स्वर एकामागून एक येतात. प्रत्येक भाग सुमारे १०३ मिलिसेकंदांचा असतो. आता ५० हर्ट्झच्या एका लहरीला २० मिलिसेकंद लागतात, हे ध्यानात घेतले तर या पहिल्या भागात किकच्या तळाच्या सुराची जेमतेम पाच आवर्तने मावतात. वरच्या सुरावरून खाली येणारा आरंभीचा टिचका, छातीवर बसणारा ठोसा आणि तळाचे वजन हे सगळे एवढ्यात उरकायचे असते, कारण १०४ व्या मिलिसेकंदाला बेस हजर होतो.

आता पॅकमधली एखादी टेक्नोची किक घ्या. ती १२८ किंवा १३० च्या वेगासाठी बनलेली असते आणि तिची शेपूट, म्हणजे विझत जाणारा शेवट, अडीचशे मिलिसेकंदांपर्यंत सहज जाते. ती माझ्या मापाला कापली तर कापलेल्या टोकाला खुट्ट असा आवाज येतो. तो लहानशा फेडने, म्हणजे टोकाचा आवाज हळूहळू उतरवून, जातो, पण त्याने मुख्य अडचण सुटत नाही. त्या किकचा सूर तळाला पोहोचतो तोच मुळी शंभराव्या मिलिसेकंदाच्या आसपास. ती कापल्यावर माझ्या हाती केवळ घसरण उरते, तळ उरत नाही. टाइम-स्ट्रेच केले, म्हणजे सूर तोच ठेवून लांबी बदलली, तर सुरुवातीचा टिचका भुरकट होतो, आणि पिच (सूर) वाढवून किक आखूड केली तर तळाबरोबर टिचकाही वर सरकतो. लांबी, सूर आणि टिचका हे तिन्ही त्या ध्वनीत एकत्र गोठलेले असतात. मला ते सुटे हवे असतात.

किक म्हणजे मुळात काय, हे पाहिले की पुढचे सोपे होते. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० मध्ये टीआर-८०८ हे रिदम मशीन बाजारात आणले. त्यातील किक कोणत्याही ढोलाच्या ध्वनिमुद्रणातून घेतलेली नव्हती. एका सर्किटला विजेचा क्षणिक धक्का द्यायचा आणि ते ५० हर्ट्झच्या आसपास आपोआप घुमत विझू द्यायचे, अशी ती योजना होती. १९८३ च्या टीआर-९०९ मध्ये सूर वरून झपाट्याने खाली घसरवणे आणि आरंभी वेगळा टिचका मिसळणे शक्य झाले, आणि पुढे शिकागोच्या हाउस संगीताने व डेट्रॉइटच्या टेक्नोने तो आवाज आपलासा केला. (मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच ८०८ आणि रोलँडचेच बेसयंत्र टीबी-३०३ यांच्या साथीने दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बांधून ध्वनिमुद्रित केले होते, त्या ध्वनिमुद्रिकेची जगभर दखल घेतली गेली ती मात्र २०१० मधल्या पुनःप्रकाशनानंतर.) सुराची ही घसरण खऱ्या तालवाद्यांतही असते. ढोलावर टिपरू जोरात पडले की पान क्षणभर जास्त ताणले जाते, ताणामुळे सूर किंचित चढतो आणि कंपन ओसरेल तसा तो मूळ जागी उतरतो. यंत्राने ही किंचित घसरण कितीतरी पटींनी वाढवली, आणि आज आपण ज्याला किक म्हणतो ती जवळजवळ सगळी त्या घसरणीतच आहे.

म्हणून माझ्या सिंथमध्ये (ध्वनी घडवणाऱ्या यंत्रात) फक्त एक साइन ऑसिलेटर, म्हणजे साधी गुळगुळीत लहर काढणारा भाग, असतो; त्याच्या पिचला एक एन्व्हलप (वेळेनुसार चढउतार ठरवणारा वक्र) आणि आवाजाला दुसरा. पहिल्या चार-पाच मिलिसेकंदांत सूर काही हजार हर्ट्झवरून दोन-तीनशेपर्यंत कोसळतो. कानाला तो सूर म्हणून कळत नाही, केवळ ‘टक्’ असे ऐकू येते. तिथून साधारण चाळिसाव्या मिलिसेकंदापर्यंत तो ६० च्या जवळ येतो, आणि ठोशाची जाणीव प्रामुख्याने या टप्प्यात होते. उरलेल्या वेळात तो तळाच्या सुरावर स्थिरावतो आणि आवाज उतरत जातो. हा उतार सरळ रेषेत ठेवला तर खेळण्यातल्या बंदुकीसारखा ‘प्यूं’ ऐकू येतो. वक्र हवा तो आरंभी खडा आणि पुढे सपाट होत जाणारा. माझी संध्याकाळ खर्च होते ती या वक्राचे मधले वळण सरकवण्यात. ते वळण पाच मिलिसेकंद पुढे गेले तरी किक लठ्ठ वाटू लागते, मागे आणले तर ती टेबलावर बोट आपटल्यासारखी कोरडी होते, आणि यातले नेमके काय हवे हे एकटी किक ऐकून ठरवता येत नाही.

ऑसिलेटरच्या फेजचाही, म्हणजे लहर आपल्या आवर्तनात कुठून सुरू होते याचाही, इथे संबंध येतो. तो मुक्त फिरत राहिला तर दर ठोक्याला लहर वेगळ्या जागेवरून सुरू होते, आणि एक टिचका टोकदार तर पुढचा बोथट निघतो. म्हणून प्रत्येक ठोक्यावर फेज शून्यापासून सुरू होईल अशी सेटिंग करून घेतो आणि मनाजोगती किक मिळाली की तिची ऑडिओ फाइल करून टाकतो. त्यानंतर ट्रॅकमधली प्रत्येक किक हुबेहूब सारखी असते. ‘हाताने वाजवल्यासारखी’ किक हवी म्हणून दर ठोक्यात जाणीवपूर्वक फरक करणारे लोक आहेत. इतर वाद्यांच्या बाबतीत मला ते मान्य आहे. सायट्रान्सच्या किकच्या बाबतीत अजिबात नाही.

खरी कसोटी बेसशी गाठ पडते तिथे आहे. समजा बेस एफ शार्पवर, म्हणजे ४६.२५ हर्ट्झवर आहे, आणि किकची शेपूट ५० च्या आसपास विझते आहे. बेसचा पहिला स्वर सुरू होतो तेव्हा शेपटीत थोडी जरी ऊर्जा उरली असेल तर त्या दोन लहरींची बेरीज होते. दोन्ही एकाच दिशेने जात असतील तर तिथे फुगवटा येतो, आणि विरुद्ध दिशेने जात असतील तर बेसचा पहिला स्वर दुसऱ्या-तिसऱ्यापेक्षा दुबळा ऐकू येतो. ऐकणाऱ्याला ‘बेस लंगडतो आहे’ एवढेच जाणवते, कारण सापडत नाही. मी लहरीचा आलेख दाखवणारे ऑसिलोस्कोपचे प्लगइन लावून हा सांधा डोळ्यांनी पाहतो, आणि किक जिथे शून्यावर येते तिथूनच बेसची लहर उठेल अशा बेताने शेपटीची लांबी आणि बेसची आरंभीची फेज ठरवतो. वेग १४५ वरून १३८ वर आणला तर तोच भाग १०३ ऐवजी जवळपास १०९ मिलिसेकंदांचा होतो. हा पाच-सहा मिलिसेकंदांचा फरक ५० हर्ट्झच्या लहरीच्या पाव आवर्तनाहून थोडा अधिक आहे, आणि जुळवलेला सांधा बिघडायला तेवढा पुरतो. माझीच जुनी किक मी नव्या ट्रॅकमध्ये जशीच्या तशी का घालत नाही, या उपप्रश्नाचेही उत्तर यात आले.

किक ट्रॅकच्या सुरात लावावी की नाही, यावर हमरीतुमरीने वाद होतात. माझ्या मते हा वाद शेपटीच्या लांबीकडे न पाहता घातला जातो. सूर ओळखायला कानाला काही आवर्तने सलग मिळावी लागतात. सायट्रान्सच्या किकमध्ये तळाच्या स्थिर सुराची दोन-तीनच आवर्तने हाती लागतात, त्यामुळे ती एफला लावली की जीला, हे बहुतेकांना ओळखता येणार नाही. तिथे बेसशी सांधा जुळणे अधिक मोलाचे. याउलट ८०८ ची लांब घुमणारी किक हिपहॉपमध्ये स्वतःच बेसचे काम करते, तिथे ती बेसूर असेल तर संपूर्ण गाणे बेसूर होते. १९९० च्या दशकाच्या आरंभी रॉटरडॅमच्या गॅबर या कर्कश, वेगवान टेक्नोच्या निर्मात्यांनी ९०९ ची किक मिक्सरमधून इतकी फाडली की तिची शेपूट गुरगुरणारा स्वर बनली, आणि पुढे हार्डस्टाइल या प्रकारात तर किकच चाल वाजवू लागली. अशा ठिकाणी सुराशी तडजोड चालत नाही.

आता खोलीविषयी, कारण ‘घरी भक्कम वाटणारी किक बाहेर पोकळ का वाटते’ ही तक्रार याच प्रश्नाच्या पाठोपाठ येते. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधली झोपायची खोली साधारण दहा ते बारा फुटांची असते. ११ फूट म्हणजे सुमारे ३.३५ मीटर. ५१ हर्ट्झच्या लहरीची लांबी ६.७ मीटरच्या घरात येते, म्हणजे खोलीच्या बरोबर दुप्पट, आणि अशा वेळी समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ती लहर उभी राहते. तिचा दाब भिंतींपाशी सर्वाधिक आणि खोलीच्या मध्यावर सर्वांत कमी असतो. खुर्ची खोलीच्या मध्यावर असली तर किकचा तळ ऐकूच येत नाही आणि माणूस तो वाढवत सुटतो. पाठ भिंतीला टेकलेली असली तर तोच तळ गडगडतो आणि माणूस तो कापत सुटतो. दुर्दैव असे की ज्या लांबीच्या खोल्या आपल्याकडे सर्रास बांधल्या जातात, त्यांची पहिली अनुनाद वारंवारता नेमकी किकच्या सुरावर पडते. त्यात आपल्या भिंती वीट आणि काँक्रीटच्या. लाकडी सांगाड्यावर जिप्सम बोर्ड ठोकलेल्या भिंती थोडा बेस बाहेर जाऊ देतात, आपल्या भिंती तो जवळजवळ सगळा परत फेकतात. परदेशी शिकवण्यांमधला खोलीविषयीचा सल्ला इथे पुरा पडत नाही तो यामुळेच.

शेजाऱ्यांच्या भीतीने आवाज हळू ठेवला तर आणखी एक फसगत होते. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीतून हे स्पष्ट झाले होते, की आवाज हळू असताना खालच्या वारंवारता कानाला मधल्या वारंवारतांपेक्षा फारच क्षीण वाटतात. रात्री अकराला हळू आवाजात जी किक ‘पुरेशी’ वाटते ती मोठ्या स्पीकरवर ट्रॅक गिळून टाकते. मी तळाचा निर्णय हेडफोनवर, ठरावीक आवाजात आणि जाणकारांच्या ट्रॅकशी आलटून-पालटून ताडून घेतो. खोलीतल्या स्पीकरांवर केवळ टिचका आणि ठोसा पारखतो. गोव्यातल्या हणजुण्याच्या किनाऱ्यावर ज्या मोकळ्या आभाळाखाली हे संगीत वाढले तिथे भिंतीच नव्हत्या, म्हणून तिथे किक आणि बेस यांच्यातली फट कोरडी राहते. बंदिस्त क्लबमध्ये तीच फट खोलीच्या घुमण्याने भरून जाते. ट्रॅक बंदिस्त जागेत वाजणार हे ठाऊक असेल तर मी शेपूट आणखी दहा मिलिसेकंद आखूड करतो.

सॅच्युरेशनचे, म्हणजे ध्वनी मुद्दाम किंचित विकृत करण्याचे, काम थोडक्यात सांगता येते. मोबाइलच्या स्पीकरमधून ५० हर्ट्झ बाहेर पडतच नाही. किकला सौम्य क्लिपिंग दिले की ५० च्या पटीतल्या वरच्या वारंवारता (उदाहरणार्थ १५०, २५०) तयार होतात, आणि मूळ सूर गैरहजर असला तरी त्यांच्या आधाराने मेंदू तो काही अंशी ऐकल्यासारखा करतो. क्लिपिंगने टोके छाटली जाऊन किकला अधिक आवाजही देता येतो. मात्र ते अति झाले की टिचका आणि ठोसा एकाच उंचीचे होतात, आणि किक जोरात असूनही लागत नाही.

तयार किक मीही वापरतो. हाउसमध्ये, १२४ किंवा १२८ च्या वेगात, मात्रेला पावणेपाचशे मिलिसेकंदांच्या आसपास वेळ असतो, बेस सैल असतो आणि साइडचेन लावून तो किकच्या वेळी खाली दाबता येतो. तिथे ९०९ चे चांगले सॅम्पल दोन मिनिटांत बसते आणि ते पुन्हा घडवण्यात मला काही अर्थ दिसत नाही. रंबल (गडगडता तळ) असलेल्या टेक्नोमध्ये तर किकलाच रिव्हर्ब (घुमारा) देऊन, वरचा भाग फिल्टरने काढून, त्यातून बेस तयार केला जातो. तेव्हा मी मुद्दाम दुसऱ्याची किक निवडतो, कारण तिच्या शेपटीत मी कधी घातले नसते असे काहीतरी असते आणि रिव्हर्बमध्ये ते फुलून येते. सायट्रान्समध्येही टिचक्याचा वरचा थर, दोन हजार हर्ट्झच्या वरचा, मी बऱ्याचदा सॅम्पलमधूनच घेतो: एखाद्या बंद हाय-हॅटचे (ड्रमसेटमधल्या झांजांच्या जोडीचे) किंवा लाकडी ठोकळ्याचे पहिले तीन मिलिसेकंद. त्याखालचे सगळे मात्र त्या ट्रॅकचा वेग आणि बेसचा स्वर नक्की झाल्यावरच करायला घेतो.