पळायला लागले आणि वजन वाढलं: माझा अनुभव

पळायला सुरुवात केली की दोन-तीन आठवड्यांत बऱ्याच जणांचं वजन एक-दीड किलोने वर जातं. खाणं वाढलेलं नसतं, पळणं चुकलेलं नसतं, तरी वर जातं. कुणाला विचारावं तर ठरलेलं उत्तर मिळतं: "स्नायू वाढले असतील." माझा राग या उत्तरावर आहे. ते ऐकायला बरं वाटतं, म्हणून माणूस खरं कारण शोधतच नाही. महिनाभराने काटा तिथेच दिसला की मग पळणंच सोडून देतो.

हिशोब करून बघा. जिममध्ये रोज वजनं उचलणाऱ्या नवख्या माणसालाही महिन्याला एखादा किलो स्नायू मिळाला तर खूप झालं. आठवड्यातून तीनदा हळूहळू पळून त्याच्या आसपासही जाता येत नाही. तीन आठवड्यांत दीड किलो स्नायू होणं शक्यच नाही. ते वाढलेलं वजन जवळजवळ सगळं पाण्याचं असतं, आणि ते पाणी कुठे साठतं हे नीट सांगता येतं.

शूज, वेळापत्रक, एक मिनिट पळणं आणि दोन मिनिटं चालणं हा सगळा भाग माझ्या बाबतीत सुरळीत पार पडला. अडलं ते काट्यापाशी, म्हणून त्याबद्दलच सविस्तर लिहिते.

पहिली जागा म्हणजे ग्लायकोजेन. स्नायू आपलं इंधन साखरेच्या या साठ्यात ठेवतात. मोठ्या माणसाच्या स्नायूंमध्ये साधारण ३०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन असतं. पळताना हा साठा उतरतो, आणि वारंवार उतरला की स्नायू पुढच्या वेळी आधीपेक्षा जास्त भरून ठेवायला शिकतात. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलं जातं. साठा दीडशे ग्रॅमनी वाढला तर पाण्यासकट सहाशे ग्रॅम वजन वाढलं. पळण्याच्या आधी कुणी कर्बोदकं अगदी कमी करून बसलं असेल आणि आता नीट जेवायला लागलं असेल, तर ही उडी किलोच्या पुढे जाते.

दुसरी जागा रक्त. नियमित दमसासाचा व्यायाम सुरू केला की पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढतो. प्लाझ्मा तीन लिटरच्या आसपास असतो. तो १० टक्क्यांनी वाढला तरी ३०० मिली झाले, आणि वाढ त्याहून जास्तही होऊ शकते. हे आपल्या फायद्याचंच आहे. त्याच वेगाने पळताना नाडी आधीपेक्षा कमी लागते, घाम लवकर सुटतो, अंग कमी तापतं. ज्या आठवड्यात काटा वर गेला त्याच आठवड्यात नाडी खाली आली असेल, तर या वाढीत प्लाझ्माचा हात आहे असं समजायला हरकत नाही. जाता जाता एक गोष्ट: तांबड्या पेशी वाढायला जास्त वेळ लागतो, म्हणून या काळात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन किंचित कमी दिसू शकतं. रक्त फक्त पातळ झालंय की खरंच लोह कमी आहे, हे फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, बघितल्यावर स्पष्ट होतं.

तिसरी जागा दुखरे स्नायू. पळताना पाय जमिनीवर टेकला की मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. उतारावर तर फारच. त्यात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुरुस्तीसाठी तिथे पाणी जमतं. दुखणं दुसऱ्या दिवशी जाणवायला लागतं आणि एक ते तीन दिवसांत सगळ्यात जास्त होतं. जिना उतरताना मांड्या बोलतात, मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ पोटरीवर नेहमीपेक्षा खोल उमटतो. आठवड्याभरात हे ओसरायला हवं. पण नवखा माणूस दर आठवड्याला अंतर वाढवत असतो, म्हणजे दर आठवड्याला नवी इजा आणि नवं पाणी. काटा अडून राहतो त्यामागे मला हे सगळ्यात मोठं कारण वाटतं, आणि याबद्दल कुणीच बोलत नाही. उपाय सोपा आहे. तीन आठवडे अंतर वाढवलं की चौथ्या आठवड्यात ते एक तृतीयांशाने कमी करा. त्या आठवड्याच्या शेवटी वजन बहुतेकदा एकदम उतरतं. चरबी आधीच जळलेली असते, वरचं पाणी निघून गेल्यावर ती घट दिसते.

आता चरबीचा हिशोब. पळायला दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी लागते. ६५ किलोच्या माणसाला ५ किलोमीटरला ३२५. त्या पस्तीस-चाळीस मिनिटांत नुसतं बसून राहिलं असतं तरी ४० च्या आसपास खर्च झाल्याच असत्या, त्या वजा करा. हातात राहिल्या २८५. आठवड्यातून तीनदा म्हणजे ८५५. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० किलोकॅलरी. म्हणजे आठवड्याला ११० ग्रॅम चरबी, आणि एका किलोला नऊ आठवडे. तीन आठवड्यांनंतर चरबी सव्वातीनशे ग्रॅमनी कमी झालेली असते आणि पाणी बाराशे ग्रॅमनी वाढलेलं असतं. काटा पाऊण किलोहून जास्त वाढ दाखवतो, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असतं. शरीरात मात्र आपल्याला हवं तेच घडत असतं.

माझी खरी चीड आहे ती आहाराच्या अॅपवर आणि त्याच्या सल्लागारांवर. आठवड्याचं वजन भरलं, ते वाढलेलं दिसलं, की अॅपने रोजच्या कॅलरीचं लक्ष्य आपोआप खाली आणलं. सल्लागारांना लिहून विचारलं तर "कर्बोदकं कमी करा" एवढंच उत्तर आलं. पळणं नव्याने सुरू केलंय हे माहितीत स्पष्ट भरलेलं असताना! कर्बोदकं कमी केली की होतं ते असं: ग्लायकोजेन उतरतं, त्याच्याबरोबर पाणी जातं, तीन-चार दिवसांत किलोभर वजन खाली येतं आणि सल्ला लागू पडल्यासारखा वाटतो. पुढच्या पळण्यात दुसऱ्याच किलोमीटरला पाय जड होतात, वेग पडतो, नाडी चढते. संध्याकाळी सपाटून भूक लागते. दोन दिवस पोटभर जेवलं की साठा भरतो, तो किलो परत येतो आणि अॅप लक्ष्य आणखी खाली आणतं. या चक्रात चरबीचा काहीही संबंध नाही. पहिले सहा आठवडे लक्ष्य आपोआप बदलण्याची सोय बंद करून ठेवा. ती बंद होत नसेल तर अॅपमध्ये वजन भरूच नका, वहीत लिहा.

"स्नायू वाढले" हे वाक्यही अर्धंअधिक काट्यानेच पसरवलंय. चरबी आणि स्नायूंची टक्केवारी सांगणारे काटे तळपायातून अगदी सौम्य वीज सोडतात आणि तिला किती अडथळा होतो ते मोजतात. पाण्यातून वीज सहज जाते. अंगात पाणी वाढलं की अडथळा कमी होतो, आणि काटा तो सगळा वाटा चरबी नसलेल्या वजनात टाकून पडद्यावर स्नायू वाढल्याचं दाखवतो. पळून आल्यावर घामेजल्या पायांनी उभं राहिलं तर आकडे आणखी भरकटतात. ती टक्केवारी या काळात बघूच नका.

वजन करण्याची रीत: सकाळी उठल्यावर, शौच-लघवी उरकून, पाणी पिण्याआधी, दर वेळी तेवढ्याच कपड्यांत. रोज करा, पण एकेका आकड्यावर काही ठरवू नका. सात दिवसांची सरासरी काढा आणि सरासरीची तुलना मागच्या सरासरीशी करा. पोटातलं अन्न आणि पाणी धरून दिवसभरात एक-दोन किलोंचा फरक पडणं सामान्य आहे, त्यात आठवड्याचे ११० ग्रॅम कसे दिसणार?

काटा कडक, सपाट फरशीवर हवा. त्याच्या पायांपाशी वजन जोखणारे भाग असतात, सतरंजीवर ते नीट टेकत नाहीत आणि आकडा चुकतो. जागा हलवली असेल तर आधी पायाने दाबून काटा सुरू करा, तो शून्यावर येऊन बंद होऊ द्या, मग उभे राहा. काही काटे मागचा आकडा लक्षात ठेवतात. नवीन वजन त्याच्या अगदी जवळ असेल तर जुनाच आकडा पुन्हा दाखवतात. लागोपाठ चार दिवस दशांशापर्यंत तोच आकडा आला की मला संशय येतो. हातात पाच-सहा किलोंची पिशवी घेऊन एकदा उभं राहायचं, ती खाली ठेवून पुन्हा उभं राहायचं. मग खरा आकडा येतो.

त्याहून भरवशाची चीज म्हणजे टेप. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडल्यावर, टेप न आवळता माप घ्या. दोन आठवड्यांतून एकदा पुरे. वजन वर आणि कंबर तेवढीच किंवा कमी, तर काळजी सोडा. दोन्ही वर जात असतील तर मात्र खाणं तपासायला हवं. तीन आठवड्यांत किलोभर चरबी चढायला रोज गरजेपेक्षा ३६५ च्या वर किलोकॅलरी जादा जाव्या लागतात. अवघड वाटतं, पण पळून आल्यावर मूठ-दीड मूठ सुकामेवा, सुमारे ५० ग्रॅम, खाल्ला की ३०० झाल्या, म्हणजे पाच किलोमीटर संपले. अर्धा लिटर स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते, १२० किलोकॅलरी. तासाच्या आतल्या पळण्याला साधं पाणी पुरतं. मनगटावरचं घड्याळ जो आकडा दाखवतं त्यात बहुतेकदा बसल्या जागी होणारा खर्चही धरलेला असतो, त्यामुळे "एवढ्या जाळल्या, तेवढ्या खाते" हा हिशोब तोट्यात जातो. आणि पळून आल्यावर उरलेला दिवस आडवं पडून काढला तर चालण्या-फिरण्याचा नेहमीचा खर्चही कमी होतो. पावलं मोजत असाल तर पळण्याच्या दिवशीची पावलं वेगळी काढून बघा.

वेदनाशामक गोळ्यांचं आधीच लिहायला हवं होतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडांना मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात. पाय दुखतात म्हणून रोज एक गोळी घेतली की काटा आणखी वर जातो. पळण्याच्या आधी तर त्या घेऊच नयेत, मूत्रपिंडांवर ताण येतो. मिठाचंही तसंच: नेहमीपेक्षा ९ ग्रॅम मीठ जास्त गेलं तर त्याबरोबर सुमारे एक लिटर पाणी काही काळ अंगात राहू शकतं, आणि ते उतरायला दोन-तीन दिवस लागतात. पाळी येण्याआधीच्या दिवसांतही पाणी साठतं, म्हणून बायकांनी या महिन्याच्या आकड्याची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी करावी, मागच्या आठवड्याशी नाही.

आठ-दहा आठवडे झाले, अंतर स्थिर आहे, कंबर कमी होत नाही आणि सरासरी चढतीच आहे, तर डॉक्टरांना भेटा. थकवा, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा यांतलं काही असेल तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करायला सांगा. स्टेरॉइडच्या गोळ्या, इन्सुलिन, नैराश्यावरची काही औषधं यांनीही वजन वाढतं, पण ती मनाने बंद करू नका. नडगीवर अंगठा दाबून धरला आणि सोडल्यावर खड्डा राहिला, धाप लागायला लागली किंवा दोन-तीन दिवसांत सकाळचं वजन दोन किलोने चढलं, तर वाट बघू नका. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली आणि दुखायला लागली, तर त्याच दिवशी दाखवा, ती रक्ताची गुठळी असू शकते.

पळण्याच्या लगेच आधी आणि लगेच नंतर वजन करून "अर्धा किलो गेला" म्हणणारे बरेच भेटतात. तो घाम असतो, चरबी नसते. ही दोन वजनं घ्यायची ती पाणी किती प्यायचं हे कळावं म्हणून: एक किलो कमी म्हणजे साधारण एक लिटर घाम. पळून आल्यावरचं वजन आधीपेक्षा जास्त भरलं, तर घामाने गेलं त्यापेक्षा जास्त पाणी पोटात गेलंय. लांब अंतराला हे धोक्याचं असतं, कारण जादा पाण्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम कमी निघालं होतं, आणि पळताना वजन वाढणं हे त्याच्याशी जोडलेलं सगळ्यात ठळक लक्षण होतं. तसा आकडा दिसला तर पुढच्या वेळी तहान लागेल तेवढंच पाणी प्या.