तुम्ही विचारलंत म्हणून : बीटी आणि ती लहान पुडी

हिंगणघाट तालुक्यात आमची नऊ एकर कोरडवाहू शेती आहे. कापूस, तूर, थोडं सोयाबीन. पुण्या-मुंबईचे नातेवाईक आले किंवा कॉलेजची मुलं शेत बघायला आली की चहा संपायच्या आत एक प्रश्न येतोच: "काकू, हे जीएम, म्हणजे जनुक बदललेलं बियाणं शेतकऱ्याच्या भल्याचं, की त्यानं वाटोळं केलं?" पुष्कळ जण उत्तर ठरवूनच आलेले असतात आणि माझ्याकडून फक्त हो ऐकायचं असतं. उभ्या उभ्या देता येईल असं उत्तर माझ्याजवळ नाही. म्हणून एकदा बसून लिहिते.

माझं लग्न १९९८ साली झालं. तेव्हाची शेती विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पाहिलेली नाही. हिरवी बोंडअळी, म्हणजे अमेरिकन बोंडअळी, पऱ्हाटीवर (कापसाच्या झाडावर) पडली की पाती (फुलांच्या कळ्या), फुलं, कोवळी बोंडं सगळं पोखरायची. एका बोंडावर ती थांबत नाही. अर्धं खाते, सोडते, दुसऱ्यावर जाते. सकाळी पऱ्हाटीच्या ओळींमधून चालावं तर खाली गळालेल्या पात्यांचा सडा. मामाजी, म्हणजे माझे सासरे, हंगामात बारा-पंधरा फवारण्या करायचे. एंडोसल्फान, क्विनॉलफॉस, सायपरमेथ्रीन. एकानं मरेना म्हणून दोन मिसळायचे, दोनानं मरेना म्हणून तीन. फवारणीचं पाणी मी आणि सासूबाई डोक्यावर वाहायचो. संध्याकाळी मामाजींचं धोतर धुताना हाताला लागलेला वास भाकरी थापेपर्यंत जायचा नाही. आणि औषधवाल्याची उधारी कापूस विकूनही फिटायची नाही, पुढच्या सालात जायची.

मार्च २००२ मध्ये केंद्राच्या समितीनं बीटी कापसाच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. जालन्याची महिको आणि अमेरिकेची मोन्सँटो यांचं ते बियाणं. त्याच्या आदल्याच वर्षी गुजरातेत परवानगी नसलेला बीटी कापूस हजारो एकरांवर उभा असल्याचं उघडकीला आलं होतं. म्हणजे कायद्याच्या आधी बियाणं शेतात पोचलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येईल.

बीटी म्हणजे मातीत राहणारा एक जिवाणू, बॅसिलस थुरिन्जिएन्सिस. त्याच्यातलं एक जनुक कापसात घातलं की झाड पानात, फुलात, बोंडात एक प्रथिन तयार करतं. अळीनं ते खाल्लं की तिच्या आतड्याला भोकं पडतात आणि ती मरते. माणसाच्या आणि गुराच्या पोटात त्या प्रथिनाला धरून बसायला जागाच नसते. मावा, तुडतुडे, फुलकिडे या रस शोषणाऱ्या किडींनाही ते काही करत नाही. "बीटी आहे, आता फवारायचं कशाला" असं ज्यांना सांगितलं गेलं, त्यांना हे शेवटचं वाक्य कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही २००४ साली दोन एकरांवर लावलं. पिशवीत ४५० ग्रॅम सरकी, किंमत १६०० रुपयांच्या वर. मामाजी म्हणाले, "येवढ्या पैशात दोन महिन्याचा किराणा येते, बाई." पण त्या वर्षी बोंडअळीसाठी दोनच फवारण्या लागल्या आणि एकरी चार क्विंटलचे सात झाले. ते धोतर मला आठवतं, म्हणून बीटीनं काहीच दिलं नाही असं मी कधी म्हणणार नाही. पुढे आंध्र सरकारनं किमतीविरुद्ध मक्तेदारी आयोगाकडे तक्रार केली आणि २००६ साली पिशवी ७५० रुपयांवर आली. मग शिवारात दुसरं बियाणं दिसेनासं झालं. २००२-०३ साली देशात १३६ लाख गाठी कापूस झाला होता, २०१३-१४ साली ३९८ लाख. सगळं श्रेय एका जनुकाचं नाही. गुजरातेत पाणी वाढलं, खतं वाढली, रस शोषणाऱ्या किडींवर नवी औषधं आली. पण जनुकाचा वाटा नाही म्हणणं खोटं ठरेल.

आत्महत्यांबद्दलही विचारतात, आवाज खाली आणून. आमच्याकडे हे दुःख बीटीच्या आधीपासून आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या शेतकऱ्यानं बायकामुलांसह जीव दिला ते १९८६ साल होतं. कोरडवाहू जमीन, भावाचा भरवसा नाही, सावकाराचं व्याज. महागड्या पिशवीनं त्यात भर घातली हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पाऊस दडला, दुबार पेरणी आली, तर सोळाशेच्या जागी बत्तीसशे जायचे. पण ज्या घरात असं घडलं त्या घराचं सगळं दुःख एका बियाण्याच्या नावावर टाकलं, तर बाकीचे सगळे सुटतात.

आता त्या लहान पुडीबद्दल. मोठ्या पिशवीबरोबर १२० ग्रॅमची एक पुडी यायची, साध्या, बिगर-बीटी सरकीची. ती शेताच्या कडेनं पाच ओळी लावायची असं पिशवीवर बारीक अक्षरात छापलेलं असायचं. आमच्या गावात ती कुणीच लावत नव्हतं. आम्हीही नाही. आमच्या पुड्या भिंतीतल्या देवळीत पडून राहायच्या, आणि कुठे बी न उगवता नांगी, म्हणजे रिकामी जागा पडली तर तिथे टोबायला कामी यायच्या. महाग जागेवर अळीला खाऊ घालायचं बियाणं कोण लावणार? वापरायला हवी होती, चूक आमची आहे. पण ती पुडी कशासाठी, हे शेताच्या धुऱ्यावर उभं राहून आम्हाला कुणी समजावलं नाही, दुकानदारानं नाही आणि अधिकाऱ्यानंही नाही. मला कळलं ते बारा वर्षांनी.

कारण असं. लाखो अळ्यांमध्ये एखादी बीटी खाऊनही जगते. आजूबाजूला साधा कापूस नसेल तर अशा वाचलेल्या अळ्यांचे पतंग आपसातच जोडी जमवतात आणि त्यांची सगळी पिल्लं बीटी पचवणारी निपजतात. साध्या कापसाच्या पाच ओळी असल्या की तिथून साधे पतंग निघतात, या वाचलेल्यांशी त्यांची जोडी जमते आणि पिल्लं पुन्हा बीटीनं मरतात. म्हणजे त्या पाच ओळी बाकीच्या शेताची राखण करतात. इतकी सोपी गोष्ट! सासूबाईंना सांगितली तर त्यांना एका दमात समजली.

गुलाबी बोंडअळी दुसऱ्या कोणत्या पिकावर फारशी जगत नाही, ती कापसाचीच. त्यामुळे तिला बाहेरून साधे पतंग मिळायची वाटच नव्हती. २०१० साली मोन्सँटोनंच जाहीर केलं की गुजरातेत अमरेली आणि आसपासच्या जिल्ह्यांत ती पहिल्या जनुकाला दाद देत नाही. तोवर दोन जनुकांचं बियाणं आलं होतं. काही वर्षांत तिनं तेही पचवलं.

२०१७ चा हंगाम मी विसरू शकत नाही. ही अळी बोंडात शिरते तेव्हा सुईच्या टोकाएवढं भोक असतं, तेही बुजून जातं. आत बसून सरकी खाते. बाहेरून बोंड हिरवं, भरलेलं. आधी फुलं मिटल्या गुलाबासारखी दिसायला लागतात, त्याला आम्ही डोमकळी म्हणतो. तेव्हाच ओळखलं तर ओळखलं. एकदा आत गेली की वरून कितीही फवारा, औषध तिला शिवत नाही. दिवाळीनंतर बोंडं उमलली ती अर्धीमुर्धी, पिवळी, चिकटलेली. ती कवडी वेचताना बायकांची बोटं सोलून निघायची आणि किलोवर मजुरी असल्यानं दिवसाचे पैसे निम्मे पडायचे. शेवटी वेचायला कुणी येईना. एकरी आठ क्विंटलच्या शेतात आमचे तीन क्विंटल झाले.

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून जास्त माणसं विषबाधेनं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. माझं माहेर तिकडचं. भावाचा सालगडी त्यात होता. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे फवारा अंगावरच पडायचा. दोन दिवस त्याला नीट दिसत नव्हतं. तो वाचला. फवारणी कमी व्हावी म्हणून आणलेल्या बियाण्याच्या शेतात हे झालं, आणि "बीटी चांगलं की वाईट" विचारणाऱ्यानं निदान एवढं तरी ऐकून घ्यावं असं मला वाटतं.

जनुक तेच अमेरिकेतही होतं. तिथे साध्या कापसाच्या ओळींचा नियम पाळला गेला, मग नपुंसक पतंग सोडले, आणि २०१८ साली त्यांनी गुलाबी बोंडअळी देशातून गेल्याचं जाहीर केलं. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात सरळ, म्हणजे संकरित नसलेली वाणं लावतात, झाडं दाट, पीक लवकर हातात. आपल्याकडे जनुक आलं ते संकरित बियाण्यात. संकरित सरकी घरी ठेवून पुढच्या वर्षी पेरता येत नाही, दरसाल दुकानात जावं लागतं. शिवाय ते पीक सहा-सहा महिने शेतात उभं राहतं, आणि गुलाबी अळी येते ती उशिरा, ऑक्टोबरनंतर. तिच्यासाठी आम्ही पंगतच मांडून ठेवली होती.

नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेनं बिकानेरी नरमा बीटी हे सरळ वाण २००९ साली बाजारात आणलं होतं. सरकी घरची ठेवता येईल असं. त्यात मोन्सँटोचंच जनुक सापडलं आणि ते थांबलं. माझ्या मते जीएमच्या आपल्या कहाणीतली ही सगळ्यात मोठी हानी आहे, आणि तिच्याबद्दल मला कुणीच विचारत नाही. २०२५ च्या मे महिन्यात सरकारी संस्थांनी जनुक-संपादित भाताची दोन वाणं जाहीर केली, परकं जनुक न घालता केलेली. शेतकऱ्याला बी ठेवता येणार असेल तर मी त्याकडे आशेनं बघते.

वांग्याचंही सांगते. बीटी वांग्याला २००९ साली समितीनं हिरवा कंदील दाखवला, मग तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत, त्यात नागपूरही, जनसुनावणी घेतली आणि फेब्रुवारी २०१० मध्ये ते थांबवलं. बांगलादेशात ते २०१४ पासून लावतात. मला विचाराल तर मी खाईन. बाजारातल्या चकचकीत वांग्यावर शेंडेअळीसाठी किती वेळा फवारलेलं असतं ते मला माहीत आहे. आणि "आपण जीएम खात नाही" म्हणणाऱ्यांनी फरसाणाच्या पाकिटावर सरकीचं तेल लिहिलंय का बघावं. आमच्या म्हशी वीस वर्षं त्याच सरकीची ढेप खातात. मात्र काय खातो ते पाकिटावर लिहिलेलं असावं, हा माणसाचा हक्क आहे. त्यावर माझं दुमत नाही.

सध्या सगळ्यात जास्त विचारतात ते तणनाशक सहन करणाऱ्या कापसाबद्दल. आमच्याकडे त्याला चोर बीटी म्हणतात. परवानगी नाही, तरी दरवर्षी येतं. २०१९ साली शेतकरी संघटनेनं अकोट तालुक्यात अकोली जहांगीरला ते उघडपणे पेरलं. पावसाची झड लागली, डवरणी चालेना, निंदायला माणूस मिळेना, तेव्हा शेतकऱ्याला ते का हवं असतं हे मला पुरतं कळतं. मी गुडघे मोडून निंदलेलं आहे. पण ग्लायफोसेट, म्हणजे ते तणनाशक, मारलं की कापसाच्या मधली आमची तूर जळते. धुऱ्यावरचा तरोटा, घोळ, माठ जातो, आणि श्रावणात कित्येक घरांची भाजी तीच असते. ज्या बायकांकडे जमीन नाही त्यांच्या हातात जुलै-ऑगस्टमध्ये येणारा पैसा निंदणाचाच असतो. अमेरिकेत याच औषधाला दाद न देणारं माठाच्या कुळातलं तण माजलं आहे, म्हणजे पुन्हा त्या पुडीचीच गोष्ट. आणि चोरून घेतलेल्या बियाण्याचं बिल नसतं. उगवलं नाही तर तक्रार कुठे करणार? सरकारनं चाचण्या उघड करून एकदा हो म्हणावं किंवा नाही म्हणावं. आजची अर्धवट स्थिती विकणाऱ्याच्या सोयीची आहे.

आम्ही तीन वर्षांपासून कमी दिवसांचं वाण दाट लावतो. एकरी दोन कामगंध सापळे, मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे. सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की मगच औषध. डिसेंबर संपायच्या आत पऱ्हाटी उपटतो. पण धुऱ्यापलीकडचा शेजारी विहिरीचं पाणी देऊन मार्चपर्यंत फरदड ठेवतो, म्हणजे वेचून झालेल्या पऱ्हाटीलाच पुन्हा बोंडं धरवतो, आणि पतंगाला धुरा कळत नाही. मी त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, "काकू, फरदडीच्या कापसावर पोरीची फी भरतो मी." मी त्याला उन्हाळी तिळाचं बियाणं देऊ केलं आहे, पाणी त्याच्याच विहिरीचं. जानेवारीत पेरायचं कबूल केलंय त्यानं. आजूबाजूच्या आणखी सहा जणांकडे अजून जायचं आहे.