अ‍ॅसिटोनची बाटली

गेल्या आठवड्यात आमच्या नौपाड्यात शेजारच्या प्लॉटवर रिडेव्हलपमेंटचं खोदकाम चालू असताना जेसीबीला काहीतरी गोल, गंजलेलं लागलं आणि दहा मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर 'बॉम्ब सापडला'पासून ते 'मुलांना घरात घ्या'पर्यंत सगळं येऊन गेलं. बॉम्बशोधक पथक आलं, कुत्रा आला, दोरी बांधली, आणि दोन तासांनी कळलं की ते कुठल्यातरी जुन्या पंपाचं धूड आहे. मग काय, हशा, वडापाव, फोटो. मला हसू आलं नाही म्हणजे मी फार गंभीर माणूस आहे असं नाही, पण मला 2010 चं ग्योटिंगेन आठवलं.

जर्मनीतलं युनिव्हर्सिटीचं गाव. मी तिथे केमिस्ट्रीत पीएचडी करत होतो, म्हणजे खरं तर काचेची भांडी धूत होतो. गावात एका बांधकामाच्या जागी दुसऱ्या महायुद्धातला बॉम्ब सापडला, आजूबाजूची घरं रिकामी केली, तो निकामी झाला, सगळे परत घरी. तिथे याचं कुणाला फार काही वाटत नाही, पावसाळ्यात आपल्याकडे सबवेत पाणी भरतं तसंच. अजूनही त्या देशात वर्षाला दोन हजार टनांच्या आसपास जुना दारूगोळा जमिनीतून निघतो. पण लगेच काही दिवसांत त्याच भागात दुसरा निघाला, 500 किलोचा, जमिनीत सात मीटर खोल, आणि 1 जूनला संध्याकाळी परत तेच, बाहेर पडा, शाळेच्या हॉलमध्ये जा. मी कुकर लावला होता. तो तसाच बंद करून निघालो आणि हॉलमध्ये बसून रूममेटला म्हणालो, "अरे यार, परत? अजून किती वेळ?" हे वाक्य मला शब्दशः आठवतंय, दुर्दैवाने.

साडेनऊच्या सुमारास तो फुटला.

निकामी करायचं काम तेव्हा सुरूही झालं नव्हतं, त्याला अजून तासभर होता. तयारी चालली होती, कारण हा बॉम्ब जवळ न जाता, लांबून चालवायच्या वॉटर जेट मशीनने कापायचा प्लॅन होता. तीन माणसं जागीच गेली, सहा जण जखमी झाले. तिघांपैकी दोघं पन्नाशी ओलांडलेले, एक अडतीस वर्षांचा. नवशिके नव्हेत, शेकडो बॉम्ब हाताळलेली टीम. पिक्चरमध्ये लाल वायर की निळी वायर असतं ना, तसलं काहीच नव्हतं तिथे, घाम नाही, काउंटडाऊन नाही. एका साध्या मंगळवारी माणसं कामाची मांडामांड करत होती, बस.

नंतर पेपरात त्या बॉम्बच्या फ्यूजबद्दल, म्हणजे स्फोट घडवणाऱ्या यंत्रणेबद्दल वाचलं आणि तिथे मी अडकलो तो अडकलोच. आत एक काचेची कुपी असते, तिच्यात अ‍ॅसिटोन. स्प्रिंगवर ताणलेली पिन सेल्युलॉइडच्या (जुन्या पद्धतीचं प्लास्टिक) पातळ चकत्यांनी अडवून धरलेली. बॉम्ब पडला की कुपी फुटते, अ‍ॅसिटोन हळूहळू त्या चकत्या विरघळवतं, आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी पिन सुटते. म्हणजे विमानं गेली, लोक तळघरातून बाहेर आले, आग विझवायला लागले की मग स्फोट. (हे ज्याने डिझाइन केलं तो रात्री झोपत असेल का, हा माझा जुना प्रश्न.) पण मऊ मातीत घुसताना कित्येक बॉम्ब वळून नाक वर करून थांबले, अ‍ॅसिटोन चकत्यांपासून लांब राहिलं, आणि नुसत्या वाफेवर आणि वयावर ते सेल्युलॉइड साठ-पासष्ट वर्षं ठिसूळ होत राहिलं. ते कधी तुटेल हे बाहेरून कुणालाच कळत नाही, वीस वर्षांच्या अनुभवालाही नाही.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेलो आणि सवयीने भांडी धुवायला अ‍ॅसिटोनची बाटली उचलली. आम्ही ते पाण्यासारखं वापरायचो, दिवसाला लिटरभर सहज. ती बाटली परत ठेवली आणि बाहेर जाऊन बसलो. माझ्या गाईडबाईंनी काही विचारलं नाही, त्याही त्याच गावच्या.

घरी फोन केला तेव्हा आजी म्हणाली, "गोदीचा स्फोट आम्ही ठाण्यात ऐकला होता." 14 एप्रिल 1944, मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमधलं फोर्ट स्टिकिन जहाज, पोटात कापसाच्या गाठी, सोनं आणि जवळजवळ 1400 टन स्फोटकं. विझवायला गेलेले 66 अग्निशामक त्यात गेले. आजीला जहाजाचं नाव माहीत नव्हतं, तिला फक्त कपाटातली भांडी वाजली ते आठवत होतं. आणि तिने पुढे लगेच विचारलं, "तू जेवलास का?"

आता परत त्या पंपाकडे येतो. पथकातले एक हवालदार, केस बऱ्यापैकी पांढरे, त्या खड्ड्याच्या कडेला नुसते उकिडवे बसून बघत होते, हात न लावता, बराच वेळ. दोरीच्या अलीकडून कुणीतरी ओरडलं, "साहेब, अजून किती वेळ? गाडी काढायचीय."

त्यांनी मान वळवली नाही. तो पंप आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.