आईचं घोरणं कुणी ऐकलंच नाही

घोरतात ते बाबा, हे आमच्या घरात ठरलेलं होतं. आईबद्दल तसं कुणी कधी म्हटलं नाही. तिच्या तक्रारी निराळ्या: सकाळी डोकं जड, दिवसभर अंगात त्राण नाही, रात्री लघवीला सारखं उठायचं आणि मेथी निवडता निवडता डुलकी. पाळी गेल्यावर असं होतंच, रक्त कमी आहे, फार मनाला लावून घेता, अशी उत्तरं तिला ठिकठिकाणी मिळाली. लोहाच्या गोळ्या झाल्या, बी-12 ची इंजेक्शनं झाली. तीन गोळ्या चालू असूनही रक्तदाब मात्र हटेना. तेव्हा एका डॉक्टरबाईंना शंका आली. "आई झोपल्यावर मोबाइलवर व्हिडिओ काढून आण," असं त्यांनी मला सांगितलं.

तो बघताना माझे हातपाय गार पडले. घोरणं तसं हलकंच, पण मध्येच ते थांबायचं. छाती-पोट हलतंय, नाकातून हवा मात्र नाही. मग एकदम धाप लागल्यासारखा श्वास. झोपेत असा श्वास अडण्याच्या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात.

जागेपणी घशाचे स्नायू श्वासाची वाट उघडी धरतात. झोपेत ते सैलावतात, जीभ मागे सरकते आणि काहींची वाट पुरती मिटते. रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, वाट उघडते. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. शरीराला मात्र रात्रभर झटके बसलेले असतात, म्हणून रक्तदाब चढा राहतो. लघवीचं कोडंही इथेच सुटलं. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना हृदयावर ताण येतो आणि ते मीठ-पाणी बाहेर टाकायला लावणारं संप्रेरक सोडतं. आई वर्षानुवर्षं संध्याकाळनंतर पाणी पीत नव्हती!

झोपेच्या तपासणीत किमान 10 सेकंद श्वास अडलेला किंवा बराच उथळ झालेला प्रसंग मोजतात. तासाला 5 ते 15 म्हणजे सौम्य, 30 पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. आईचा आकडा 22 आला, पण स्वप्नांच्या झोपेत तोच 47 होता. बायकांमध्ये हा त्रास बऱ्याचदा त्याच झोपेत एकवटतो, त्यामुळे रात्रभराची सरासरी कमी दिसते. मला राग येतो तो इथे. या आजाराचा धोका ओळखायला डॉक्टर वापरतात त्या आठ प्रश्नांच्या 'स्टॉप-बँग' चाचणीत पुरुष असण्याचा एक गुण आपोआप मिळतो. पाळी गेल्यावर बाईचा धोका वाढतो, त्याला गुण नाही. थकलेली बाई तर कुणाला आजारी वाटतच नाही.

उपचार सीपॅपचा, म्हणजे झोपेत सतत हवेचा दाब देणाऱ्या मशीनचा. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये तो जगापुढे मांडला. नाकावरच्या मास्कमधून येणारा हवेचा दाब घसा आतून उघडा धरतो. आईचं पहिलं भांडण झालं ते मास्कच्या पट्ट्याशी, कारण तो अंबाड्यावरून घसरायचा. आता ती रात्री सैल वेणी घालते. नाकाच्या हाडाशी हवा गळून डोळे चुरचुरायचे. नाकपुड्यांशी बसणारा छोटा मास्क घेतल्यावर ते थांबलं. घसा कोरडा पडायचा, त्यावर हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर आला. त्यात डिस्टिल्ड पाणीच घालायचं. लाइट गेली तर म्हणून मशीन इन्व्हर्टरवर घेतलंय. पहिल्या रात्री नकोसं झालं म्हणून मशीन कपाटावर टाकू नका, मास्क बदलून बघा. अगदीच जमलं नाही तर सौम्य-मध्यम त्रासात खालचा जबडा पुढे धरणारं, दातांवर बसवायचं साधनही असतं. वजन उतरलं तर फायदा होतो, कुशीवर झोपण्याचाही काहींना होतो. पण बारीक माणसालाही हा आजार होतो. काहींच्या जबड्याची ठेवणच तशी असते.

आईची सकाळची डोकेदुखी गेली. रक्तदाबाची एक गोळी डॉक्टरबाईंनी कमी केली. मावशीचाही जबडा आईसारखाच आत गेलेला आहे आणि तीही दुपारी टीव्हीसमोर बसल्या बसल्या झोपते. पुढच्या आठवड्यात तिची तपासणी ठरवली आहे.